अंदाजपत्रक, सोहार

खडीचा ढीग लांबून दाखवा, मी ब्रास सांगतो.
(इथे घनमीटर म्हणायचं, पण मनात अजून ब्रासच.)
स्लॅबला सळई किती, गिलाव्याला वाळू किती,
सतरा वर्षं हेच. चुकलो तर पाच टक्क्यांनी,
तेवढं घट-तूट म्हणून धरलेलंच असतं.

आणि आता टायरवाल्यांच्या रांगेतल्या
सैदलवीच्या कॅफेटेरियात
माझ्यासमोर एक पोरोट्टा.
मी त्याच्याकडे बघतोय.
दोनशे? साडेतीनशे?
पदर मोजले तर एकोणीस,
तेल मात्र पदरांच्या आत बसलंय,
भिंतीतल्या ओलीसारखं.

कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टर इख्लासबाईंनी
चिठ्ठीवर एकच आकडा लिहिला, सोळाशे,
खाली दोन रेघा मारल्या.
पाकिटावर छापलेलं असतं, वाचत जा, म्हणाल्या.
बाई, मी पाकिटातलं खात नाही.
तव्यावरचं खातो,
आणि तव्यावर काही छापलेलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीने लागलो.
टिश्यू दाबून ट्यूबलाइटसमोर धरला,
पलीकडची पाटी वाचता आली.
रस्सा ग्लासात ओतून ठेवला,
तवंग दीड बोट.
एक पोरोट्टा खिशात घालून साइटवरच्या लॅबमध्ये नेला,
वाळू तोलतात त्या काट्यावर ठेवला.
एकशे चौदा ग्रॅम.
लॅबमधला मतीन गंभीरपणे म्हणाला,
साहेब, हे कुठल्या ग्रेडचं?

सगळ्या दुकानात छापील मजकूर एकाच ठिकाणी:
चहाच्या गोड दुधाचा डबा.
शंभर ग्रॅमला इतकं, तितकं, सगळं.
पण डब्यातून कपात पडते ती धार?
रात्रपाळीवाल्यांसाठी ती जरा लांबते,
बुरैमीच्या ट्रकवाल्यांसाठी अजून लांबते,
आणि नसीबखान चार पोरोट्टे मोडता मोडता
माझ्या वहीकडे बघून विचारतो,
कुणाची उधारी लिहितोस?

शेवटी सैदलवीलाच विचारलं, तेल किती घालतोस?
त्याने पळी उचलली, तिच्याकडे बघितलं,
मग स्वतःच्या हाताकडे,
जणू तो दुसऱ्या कुणाचा, भाड्याने आणलेला.
हमको मालूम नहीं, म्हणाला. हाथ को मालूम.

रात्री फोन ताटाकडे वळवतो.
देवरुखहून वृंदा हिशोब सांगते:
भात दीड मूठ. रस्सा एक पळी.
मासा चार बोटांचा, चालेल.
आणि तो पापड कोणाचा?
कोणाचा नाही, म्हणतो मी.
मग तो तसाच राहू दे, म्हणते.
मूठ तिची की माझी, हे विचारायचं राहून जातं.
तिची लहान आहे.
मी मधला आकडा लिहितो.

तीन महिन्यांनी साखर उतरली.
फार नाही, पण बाईंच्या भुवया वर जातील एवढी.
कसं मोजलंत, म्हणाल्या.
वही दिली. त्यांना मराठी येत नाही,
बोट ठेवून विचारत गेल्या, मी सांगत गेलो:
पोरोट्टा, साधा दिवस, तीनशे वीस.
पोरोट्टा, सैदलवीचं घरी फोनवर भांडण झालंय, दोनशे ऐंशी.
पोरोट्टा, सैदलवी खुशीत, चारशेच्या खाली नाही,
वर एक अंडं, न मागता,
बिलात नाही.

हे अंडं कुठे धरता, बाईंनी विचारलं.
आकस्मिक, मी म्हणालो.

आज त्याच्या मुलीचा नर्सिंगचा निकाल आहे.
सकाळपासून तो गल्ल्यावरचा फोन
उलटा सुलटा करतोय.
मी दुपारी नुसती काकडी खाल्ली आहे.